कठीण इंग्रजी शब्द लक्षांत कसे ठेवावे?



परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे वसतिगृहाच्या ओसरीवरून एक ओळखीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. कोणी डोळे मिटून, कोणी मान डोलवीत, तर कोणी येरझाऱ्या घालीत एकच इंग्रजी शब्द व त्याचा मराठी अर्थ वीस वीस वेळां घोकीत असतो. रात्रीं तो शब्द त्यास अगदीं पाठ असतो. सकाळीं प्रश्नपत्रिका हातांत पडली कीं शब्द ओळखीचा वाटतो, पण अर्थ कांहीं केल्या आठवत नाहीं. मग विद्यार्थी आपल्या बुद्धीस दोष देतो, आणि पालक त्याच्या आळसास देतात. माझ्या मतें हे दोन्ही आरोप बहुधा अनाठायीं असतात. शब्द घरांत बोलाविला, पण त्यास बसावयास जागा दिली नाहीं, तर तो उभ्या उभ्या निघून जावयाचाच. ही जागा कशी करून द्यावी, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

परंतु शब्द नुसता पाठ असणें आणि तो आपला असणें, यांत केवढें अंतर आहे, तें मी लहानपणीं बरीच किंमत देऊन शिकलों. ती हकीकत आधीं सांगतों.

एका शब्दाची किंमत

मी त्या वेळीं नववींत होतों. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबत, व मी वसतिगृहांत राहून शिकत असें. इंग्रजींत मागें पडूं नये म्हणून मीं एक उपाय योजिला होता. एका जुन्या शब्दकोशाचें रोज एक पान पाठ करावयाचें, असा तो उपाय. ए, बी, सी करीत 'आय' या अक्षरापर्यंत मजल गेली होती, आणि त्यामुळें वर्गांत माझा थोडा दबदबाही वाढला होता.

त्या वर्षीं पाऊस कमी झाला व फी भरणें वडिलांस अशक्य झालें. फीची माफी मिळावी म्हणून एका कचेरींत अर्ज करावयाचा होता. अर्ज मराठींतही चालला असता. परंतु इतके शब्द पाठ असतां मराठींत कां लिहावें, असें मला वाटलें. "माझे वडील अत्यंत दरिद्री आहेत," हें वाक्य इंग्रजींत लिहावयाचें होतें. दरिद्री या अर्थाचा 'इंडिजंट' हा भारदस्त शब्द मला येत होता. प्रत्यक्षांत मीं लिहिला तो मात्र शब्दकोशांत त्याच्याच शेजारीं असलेला 'इंडिजिनस' हा शब्द. त्याचा अर्थ एतद्देशीय, देशी, असा आहे.

धुतलेली टोपी घालून वडील माझ्याबरोबर कचेरींत आले होते. तेथील गृहस्थांनीं अर्ज वाचला, शेजारच्यांस दाखविला, आणि हंसत हंसत ते म्हणाले, "अहो, देशी तर आम्ही सगळेच आहों. मग काय, सगळ्यांचीच फी माफ करावयाची?" वडिलांस कांहींच कळलें नाहीं. सगळे हंसले म्हणून तेही हंसले. त्यांचें तें हंसणें मला अजून विसरतां आलेलें नाहीं. अर्ज पुन्हां लिहून दिला. पण तोंवर त्या सहामाहीची मुदत टळून गेली होती, व माफी मिळाली ती पुढच्या सहामाहीपासून. आमच्या घरीं दोन शेळ्या होत्या. मधल्या सहामाहीच्या फीसाठीं त्यांतील एक विकावी लागली.

परत येतांना रस्त्यांत वडिलांनीं विचारलें, "पोरा, चुकलें तरी काय?" मी म्हणालों, "बाबा, दोन शब्द सारखेच दिसत होते." ते थोडा वेळ गप्प चालले व मग म्हणाले, "आपल्या दोन शेळ्या पण सारख्याच दिसतात. पण तुझी आई त्या अंधारांत सुद्धां ओळखते." मीं विचारलें, "ती कशी?" ते म्हणाले, "रोज हात फिरवते ना!"

आज शिक्षक या नात्यानें त्या चुकीकडे पाहतों, तेव्हां मला तिचीं तीन कारणें दिसतात. सारख्या रूपाचे शब्द मीं एकाच दिवशीं, एकाच पानावरून पाठ केले होते. त्यांस एकमेकांपासून वेगळें ओळखण्याची कोणतीही खूण मीं ठेविली नव्हती. आणि त्यांपैकीं एकाही शब्दावर मीं कधीं "हात फिरविला" नव्हता. म्हणजे तो वाक्यांत वापरला नव्हता. पुढील सर्व युक्त्या या तीन दोषांवरील औषधें आहेत, असें समजावें.

विस्मरणाचा नियम

औषधाच्या आधीं रोग समजून घेणें बरें. हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें विस्मरणाविषयीं स्वतःवरच प्रयोग केले व ते १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. ज्यांस कांहींच अर्थ नाहीं अशीं अक्षरें जुळवून त्यांच्या याद्या तो पाठ करी, आणि ठराविक वेळानें त्या पुन्हां पाठ करावयास बसल्यावर पहिल्यापेक्षां किती श्रम वांचतात, तें मोजी. त्यास असें आढळलें कीं, एका तासानंतर निम्म्याहून कमी श्रम वांचतात, एका दिवसानंतर सुमारें एक तृतीयांश, आणि एक महिन्यानंतर सुमारें एक पंचमांश. म्हणजे विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या दिवशींच पडतो. पुढें त्याचा वेग मंदावतो. त्यानें आणखी एक गोष्ट दाखविली. बारा निरर्थक अक्षरांची यादी एकाच बैठकींत ६८ वेळां म्हटल्यानें दुसऱ्या दिवशीं जो लाभ दिसला, तोच लाभ तीन दिवसांत वांटून ३८ वेळां म्हटल्यानेंही झाला. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागरण करणाऱ्यांनीं हे दोन आंकडे भिंतीवर लिहून ठेवावे.

याच पंडितानें बायरन या इंग्रज कवीच्या 'डॉन जुअन' या काव्यांतील कडवींही पाठ करून पाहिलीं. निरर्थक अक्षरांच्या मानानें तीं त्यास सुमारें एक दशांश श्रमांत पाठ झालीं. अर्थ, ताल आणि यमक यांचा आधार मिळाला म्हणजे स्मरणाचें ओझें किती हलकें होतें, याचा यापेक्षां चांगला पुरावा कोणता?

ही गोष्ट आपल्या लोकांस मात्र फार पूर्वींच ठाऊक होती. तुमच्या पणजोबांनीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दिडकी चालीवर म्हणूनच पाठ केली. अमरसिंहाचा 'अमरकोश' हा शब्दकोशच आहे. पण सुमारें दीड हजार श्लोकांत रचिलेला असल्यामुळें पिढ्यान् पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनीं तो मुखोद्गत केला. ज्यांनीं कधीं पाटी हातांत धरली नाहीं, अशा आपल्या आज्या जात्यावर शेंकडों ओव्या न चुकतां म्हणत. आपल्या पवित्र शास्त्रांतील ११९ वें स्तोत्र पाहा. त्याच्या १७६ ओव्या मूळ हिब्रू भाषेंत आठ आठ ओव्यांच्या २२ गटांत बांधिलेल्या असून, प्रत्येक गटांतील ओव्या हिब्रू वर्णमालेंतील एकाच अक्षरानें सुरू होतात. अक्षर सांपडलें कीं ओवीचा दरवाजा सांपडतो. तेव्हां पद्याच्या साहाय्यानें शब्द पाठ करण्यांत पोरकटपणा आहे, असें कोणीही समजूं नये.

पहिली युक्ति : ध्वनीची खूण

नवा इंग्रजी शब्द मोठ्यानें उच्चारून पाहावा, आणि त्याच्या आवाजाशीं जुळणारा एखादा ओळखीचा मराठी शब्द शोधावा. मग त्या मराठी शब्दाचा व इंग्रजी शब्दाच्या अर्थाचा मेळ बसेल असें एक चित्र मनांत उभें करावें. उदाहरणें देतों.

'टिमिड' म्हणजे भित्रा. त्याच्या आवाजांत 'तिमिर' ऐकूं येतो. तिमिर म्हणजे अंधार. अंधारांत जाण्यास भिऊन आईचा पदर धरून उभें राहिलेलें पोर डोळ्यांपुढें आणा. 'गलिबल' म्हणजे कोणाच्याही थापेस सहज बळी पडणारा. त्यांत 'गळ' आहे; आमिष पाहून गळास लागलेला मासा आठवा. 'गॅरुलस' म्हणजे बडबड्या. त्यांत 'गाऱ्हाणें' आहे. पारावर बसून येणाराजाणारास तींच तींच गाऱ्हाणीं ऐकविणारा गृहस्थ प्रत्येक गांवांत असतोच. 'कोक्स' म्हणजे चुचकारून, गोडीगुलाबीनें वळविणें. त्यांत 'कोकरूं' आहे. तें ओढून येत नाहीं, चुचकारून येतें. 'अब्हॉर' म्हणजे मनापासून तिटकारा करणें. 'अघोर' कृत्याचा असाच तिटकारा येतो. 'मीगर' म्हणजे तुटपुंजें; पांघरूण इतकें तुटपुंजें कीं रात्रभर "मी गार" म्हणून कुडकुडावें लागलें.

ही युक्ति केवळ मास्तरांची करमणूक आहे, असें म्हणतां येणार नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत ॲटकिन्सन व रॉ या दोघांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत १२० रशियन शब्द तीन दिवसांत विद्यार्थ्यांस शिकविले होते. ज्यांस अशी ध्वनीची खूण दिली होती, त्यांस दुसऱ्या दिवशींच्या परीक्षेंत शेंकडा ७२ शब्दांचे अर्थ आठवले. ज्यांस दिली नव्हती, त्यांस शेंकडा ४६. सहा आठवड्यांनीं अकस्मात् परीक्षा घेतली, तेव्हांही पहिलेच पुढें होते.

दुसरी युक्ति : ओवीची सांखळी

सुटे मणी हरवतात, पण माळेंतले राहतात. म्हणून चार पांच खुणा जमल्या कीं त्यांची एक ओवी करावी. ओवी करणें अवघड नाहीं. पहिल्या तीन चरणांच्या शेवटीं यमक जुळवावें, आणि चौथा चरण आंखूड ठेवावा. वरील शब्दांच्या दोन ओव्या आमच्या वर्गांत अशा म्हटल्या जातात :

टिमिड भितो तिमिराला ।
गलिबल लागे गळाला ।
गॅरुलस गाऱ्हाण्यांला ।
अंत नेणे ॥

कोक्स करावें कोकराला ।
अब्हॉर करा अघोराला ।
मीगर वस्त्र मिळे ज्याला ।
"मी गार" म्हणे ॥

आतां ज्या शब्दांनीं माझी फजिती केली, त्यांजकडे वळूं. शब्दकोशांत एकमेकांजवळ राहणारीं तीन भावंडें आहेत : 'इंडिजंट' म्हणजे दरिद्री, 'इंडिग्नंट' म्हणजे अन्याय पाहून संतापलेला, आणि 'इंडिजिनस' म्हणजे देशी. तिघांचीं तोंडें सारखीं, म्हणून खूण शेपटींत शोधली पाहिजे. इंडिजंटच्या शेवटीं 'जंत' आहे. बिचाऱ्याच्या पोटांत अन्न नाहीं, नुसते जंत. इंडिग्नंटच्या पोटांत 'अग्नि'मधला 'ग्न' धुमसतो आहे. आणि इंडिजिनस हा उघड उघड आपल्या देशींचा 'जिन्नस' आहे. तिघांची मिळून ही ओवी :

इंडिजंटा पोटीं जंत ।
इंडिग्नंटा अग्नि आंत ।
इंडिजिनस या देशांत ।
जिन्नस आपुला ॥

ही ओवी मला नववींत कोणी शिकविली असती, तर आमची शेळी वांचली असती.

तिसरी युक्ति : शब्दाचें कुळ

पहिल्या दोन युक्त्या एकेका शब्दाच्या आहेत. तिसरी युक्ति संबंध घराणें हातीं देते. इंग्रजींतील पुष्कळसे अवघड शब्द लॅटिन व ग्रीक या भाषांतून आलेले आहेत. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें केलेल्या भाषणांत असें प्रतिपादिलें कीं, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्या. पुढील संशोधनानें तें मत बळकट झालें. या नात्याचा लाभ मराठी विद्यार्थ्यास आयता मिळतो; कारण संस्कृत शब्द आपल्या रोजच्या बोलण्यांत आहेत.

'मॉर्टल' म्हणजे मर्त्य. 'डेंटल' म्हणजे दंतविषयक. 'पेडेस्ट्रियन' म्हणजे पदांनीं चालणारा, पादचारी. 'ज्यूव्हेनाइल' याचें 'युवा' शब्दाशीं, 'इग्नाइट' याचें 'अग्नि' शब्दाशीं, आणि 'इनोव्हेट' याचें 'नव' शब्दाशीं नातें आहे. 'अनॉनिमस' म्हणजे अनामिक. नकार दाखविणारा 'अन्' सुद्धां दोहोंकडे सारखाच. 'प्रोजेनी' म्हणजे संतति. त्यांत आपल्या 'प्रजा' शब्दांतील 'प्र' व 'जन्' हीं दोन्हीं आहेत. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे उदार मनाचा. त्यांतील पहिला भाग आपल्या 'महा' शब्दाचा नातेवाईक आहे, व दुसऱ्या भागाचा अर्थ मन किंवा आत्मा असा आहे. म्हणजे तो शब्द जणूं 'महात्मा' हाच होय.

जेथें संस्कृताचा आधार नसेल, तेथें शब्दामागची गोष्ट आधार देते. 'कॅन्डिड' म्हणजे मनांत कांहींही न लपविणारा. लॅटिन भाषेंत त्याचा मूळ अर्थ पांढराशुभ्र असा होता. रोम शहरांत अधिकाराच्या जागेसाठीं उभे राहणारे लोक खडूनें पांढरा केलेला झगा घालून हिंडत. त्यावरूनच उमेदवारास 'कॅन्डिडेट' म्हणूं लागले. 'पॅसिफाय' म्हणजे शांत करणें. मॅगेलननें १५२० सालीं ज्या समुद्रास शांत म्हणून 'पॅसिफिक' नांव दिलें, त्यास आपण भूगोलांत 'प्रशांत' महासागर म्हणतोंच. आणि इंग्रजीनेंच सदैव देणें द्यावें, असेंही नाहीं. 'मंगूस' हा इंग्रजी शब्द आपल्या 'मुंगूस' शब्दावरूनच त्या भाषेंत गेला आहे.

पूर्वपदांचीही एक ओवी करून ठेवावी. 'बेनि' म्हणजे बरें, आणि 'मॅल' म्हणजे वाईट, एवढें कळलें कीं 'बेनिफिट', 'बेनेव्हलंट', 'बेनेडिक्शन' हे एका बाजूस व 'मॅलिस', 'मॅलेव्हलंट', 'मॅलेडिक्शन' हे दुसऱ्या बाजूस आपोआप उभे राहतात.

बेनि तेथें बरेंपण ।
मॅल तेथें मळलें मन ।
शब्दाआधीं ओळखून ।
अर्थ लावा ॥

युक्तीची मर्यादा

आतां सावधगिरीच्या चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली गोष्ट ही कीं, खूण म्हणजे व्युत्पत्ति नव्हे. 'इंडिजिनस' या शब्दांत इंडियाचें नांव नाहीं. त्यांतील पहिल्या भागाचा मूळ अर्थ 'आंत' व दुसऱ्याचा 'जन्मलेला' असा आहे. 'जिन्नस' ही केवळ आपल्या सोयीची खूण आहे. सारखेपणा किती फसवितो, याचें उत्तम उदाहरण इंग्रजी 'बॅड' आणि फारशीवरून आपल्या 'बदनाम' शब्दांत आलेला 'बद' हें होय. उच्चार जवळचा, अर्थ एक, आणि तरी भाषाशास्त्रज्ञांच्या मतें दोघांचें नातें कांहींच नाहीं.

दुसरी गोष्ट. शब्दाचें कुळ आज त्याचा अर्थ सांगेलच, असें नाहीं. 'मलेरिया' या शब्दाचा इटालियन भाषेंतील मूळ अर्थ 'वाईट हवा' असा आहे. परंतु तो ताप डांसामुळें पसरतो, हें रोनाल्ड रॉस यांच्या १८९७ सालच्या सिकंदराबाद येथील शोधानंतर सिद्ध झालें. शब्द जुन्या समजुतीचा राहिला, ज्ञान पुढें गेलें.

तिसरी गोष्ट. नियम आंधळेपणानें लावूं नये. 'मॅलेट' म्हणजे लांकडी हातोडा. त्यांत मळलेलें मन शोधणारा फसेल. 'आय' हें अक्षर 'ई'च्या आधीं येतें व 'सी'नंतर मागें जातें, हा स्पेलिंगचा पद्यबद्ध नियम सर्वांस ठाऊक आहे. परंतु 'सीझ', 'नीदर' व 'वीअर्ड' हे शब्द त्या नियमास जुमानीत नाहींत. अपवादांची वेगळी यादी नियमाशेजारींच लिहून ठेवावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मराठी शब्दाच्या आधारानें पाठ केलेला उच्चार मराठी वळणाचाच राहण्याचा धोका असतो. म्हणून शुद्ध उच्चार आधीं शिक्षकांकडून ऐकावा, मग खूण शोधावी. आणि शब्द पुरता मुरला म्हणजे खूण सोडून द्यावी. पोहतां येऊं लागलें कीं भोपळा पाठीवरून काढतात. 'टिमिड' म्हटल्याबरोबर तिमिराची आठवण न होतां एकदम भित्रेपणाच मनांत आला, कीं युक्तीचें काम झालें असें समजावें.

वही व उजळणी

एक जाड वही घ्यावी व तिच्या पानावर पांच रकाने आंखावे : शब्द, उच्चार, मराठी अर्थ, खूण, आणि स्वतः रचिलेलें वाक्य. पांचवा रकाना रिकामा असेल, तोंवर तो शब्द आपला झाला असें मानूं नये. वाक्य पुस्तकांतून उतरून घेऊं नये. आपल्या घरचें, शेताचें, शाळेचें असावें. एका मुलीनें 'मीगर' या शब्दासाठीं लिहिलें होतें कीं, "माझी आई स्वतःसाठीं नेहमीं मीगर वाढून घेते." व्याकरण सुधारावें लागलें, पण शब्दाचा अर्थ तिला पुरता कळला होता, याविषयीं मला शंका राहिली नाहीं.

दररोज फक्त पांच शब्द घ्यावे. आणि सारख्या रूपाचे शब्द एकाच दिवशीं कधींही घेऊं नयेत. एक पक्का झाला म्हणजे मग दुसरा आणून दोघांतील फरक लिहावा. उजळणी त्याच दिवशीं संध्याकाळीं, मग दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं, आठवड्यानें व महिन्यानें करावी. उजळणी म्हणजे पुन्हां वाचणें नव्हे. अर्थाचा रकाना हातानें झांकावा, आठवण्याचा प्रयत्न करावा, आणि नाइलाज झाला तरच हात काढावा. वर्षांतून दोनशें दिवस हा क्रम चालला, तर हजार शब्द होतात. हजार शब्द खरोखर आपले असलेला विद्यार्थी कोणत्याही परीक्षेस निर्भयपणें बसूं शकेल.

सुटीसाठीं हे आठ शब्द देतों. प्रत्येकास खूण शोधा, व शक्य तर ओवी करा : 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'टेनॅशस' म्हणजे चिवट, 'लूसिड' म्हणजे सुबोध, 'एफेमरल' म्हणजे क्षणभंगुर, 'डॉसाइल' म्हणजे शिकविल्याप्रमाणें वागणारा, 'ॲरिड' म्हणजे रुक्ष, 'लॅकॉनिक' म्हणजे मोजकें बोलणारा, 'व्होसिफरस' म्हणजे आरडाओरडा करणारा. शेवटच्या शब्दाचें आपल्या 'वाचा' शब्दाशीं नातें आहे, एवढी सूचना पुरे.

मोठे शब्द कशासाठीं?

कठीण शब्द शिकावयाचे, ते भाषण भारदस्त दिसावें म्हणून, असा पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. पंडिता रमाबाईंचें चरित्र वाचल्यावर तो पालटला. त्यांच्या मातोश्रींनीं त्यांस लहानपणीं संस्कृत शिकविलें, व पुराणांतील हजारों श्लोक त्यांस मुखोद्गत होते. त्यांच्या विद्वत्तेमुळें १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली. पुढें त्यांनीं इंग्रजी आत्मसात् केली व १८८७ सालीं इंग्रजींत ग्रंथ लिहून भारतीय स्त्रियांची स्थिति जगापुढें मांडिली. हिब्रू व ग्रीक या भाषाही त्या शिकल्या. आणि इतकें सर्व शिकून त्यांनीं पवित्र शास्त्राचें जें मराठी भाषांतर केलें, तें साध्या बायाबापड्यांस कळावें अशा सोप्या भाषेंत व्हावें, हीच त्यांची खटपट होती. मोठा शब्द माहीत असावा तो नेमका अर्थ ओळखण्यासाठीं. वापरावयाचा शब्द मात्र ऐकणाऱ्यास कळेल असाच निवडावा. तो अर्ज मीं मराठींत लिहिला असता, तर त्यांत कमीपणा कांहींच नव्हता.

पालकांस विनंति

"आम्हांस इंग्रजी येत नाहीं, मग आम्ही अभ्यास कसा घ्यावा?" असें पालक मला नेहमीं विचारतात. त्यांस माझी विनंति अशी आहे. मुलाची वही हातांत घेऊं नका, त्यास फक्त विचारा, "आज कोणते पांच शब्द शिकलास? त्यांचा आपल्या भाषेंत अर्थ काय? आपल्या घरांतलें एक उदाहरण सांग." उदाहरण तुम्हांस पटलें, तर त्यास शब्द कळला, तो अडखळला, तर कळला नाहीं. या परीक्षेस इंग्रजी लागत नाहीं. चूल पेटवितां पेटवितां आईसही ती घेतां येईल. आणि ओवी चुकली, तर ती इंग्रजी न येणाऱ्या आजीच्या कानासही खटकेल.

दरवर्षीं नववीच्या वर्गांत मी त्या तीन भावंडांची ओवी शिकवितों. "पोटीं जंत" हे शब्द आले कीं सगळा वर्ग खो खो हंसतो. मी त्यांस पोटभर हंसूं देतों, आणि मग प्रत्येकाकडून तिन्ही शब्दांचीं स्वतःचीं वाक्यें लिहून घेतों. न समजतां, दुसरे हंसले म्हणून हंसण्याची पाळी त्यांच्यापैकीं कोणाच्याही वडिलांवर येऊं नये, एवढीच माझी इच्छा आहे.